टर्बोच्या तेलाची परतीची वाट

मोटारीचा टर्बो गेला असे निदान झाले की मालकाच्या तोंडून निघणारा पहिला प्रश्न नव्या टर्बोच्या किमतीचा असतो आणि मिस्त्रीकडे त्याचे उत्तर तयारच असते. पण तो का गेला, हे उभय पक्षांपैकी क्वचितच कोणी विचारतो, आणि ते न विचारल्यामुळेच दिल्ली, गुरुग्राम, फरिदाबाद, नोएडा नि गाझियाबाद या राजधानीच्या पंचक्रोशीत एकाच गाडीला अल्पावधीत दुसरा टर्बो बसवण्याची पाळी येते. टर्बो स्वतःच्या अंगभूत दोषाने निकामी होणे ही गोष्ट विरळा. बहुतेक वेळा त्याला तेल उशिरा मिळालेले असते, अपुरे मिळालेले असते, घाण मिळालेले असते, किंवा मिळालेले तेल त्याच्या पोटातून वेळेवर बाहेर पडू शकलेले नसते. आणि या शेवटच्या कारणाकडेच सर्वांत अधिक दुर्लक्ष होत असल्यामुळे, तेल पुरवणे याचा अर्थ ते पोचवणे आणि निर्वेधपणे परत आणणे असा दुहेरीच घ्यावा, अशी प्रस्तुत लेखाची भूमिका आहे.

अल्फ्रेड ब्युखी नावाच्या स्विस अभियंत्याने १९०५ साली या यंत्राचे पेटंट घेतले. पण पुढे कित्येक दशके टर्बोचा वावर जहाजे, रेल्वेची इंजिने, विमाने आणि मालमोटारी यांपुरताच राहिला. मध्यमवर्गीय कुटुंबाच्या लहान गाडीत तो सर्रास शिरला तो आपल्या डोळ्यांदेखत, आणि आपल्या देशातील त्या प्रवेशाचे एक महत्त्वाचे ठिकाण दिल्लीपासून जवळच, हरियाणातील मानेसर येथे आहे. फियाटकडून परवान्याने घेतलेले १.३ लिटरचे मल्टिजेट डिझेल इंजिन तेथे सुझुकीच्या कारखान्यात तयार होऊ लागले आणि २००७ च्या आरंभी मारुती स्विफ्टमध्ये बसून बाजारात आले. २०२० च्या एप्रिलपासून मारुतीने डिझेल गाड्या बंद केल्या खऱ्या, पण तोवर त्या इंजिनाच्या लाखो गाड्या रस्त्यावर आलेल्या होत्या; आणि दरम्यान ह्युंदाई, टाटा, फोक्सवॅगन व खुद्द मारुती यांनी पेट्रोलवर चालणारी लहान टर्बो इंजिनेही बाजारात रुळवली. तात्पर्य, हे प्रकरण आता केवळ हौशी मंडळींचे राहिलेले नाही.

यंत्राची रचना थोडक्यात सांगणे अवश्य आहे. एका आसाच्या दोन टोकांना दोन पंखे असतात. एकाला इंजिनातून बाहेर पडणारे तप्त वायू फिरवतात, दुसरा बाहेरची हवा दाबून इंजिनात लोटतो. हा आस मिनिटाला दीड लाख फेरे, म्हणजे सेकंदाला अडीच हजार फेरे घेऊ शकतो, आणि लहान गाड्यांच्या चिमुकल्या टर्बोत तर हा आकडा दोन लाखांच्याही वर जातो. इतक्या वेगात तो बहुतेक गाड्यांत गोळ्यांच्या बेअरिंगवर नव्हे, तर तरत्या बुशवर फिरतो. बुशच्या आत तेलाचा एक पातळ थर आणि बाहेर दुसरा थर, आणि दोहोंची जाडी मिलिमीटरच्या शतांशात मोजावी एवढी. धातू धातूला लागत नाही तो केवळ या थरांच्या भरवशावर. भर वेगात डिझेल गाडीच्या धुराचे तापमान ७०० अंशांच्या पलीकडे आणि पेट्रोल गाडीचे ९०० च्या घरात जाते, आणि त्या धगीतून आसापर्यंत पोचलेली उष्णता वाहून नेण्याचे कामही तेलाकडेच असते. म्हणजे एकाच द्रवाने आधारही द्यायचा, वंगणही करायचे आणि थंडावाही राखायचा, असा हा बंदोबस्त आहे.

तेलाच्या जाण्याच्या वाटेपासून आरंभ करू. गॅरेजच्या भाषेत ज्याला चेंबर म्हणतात त्या इंजिनाखालच्या पात्रातून तेल जाळीद्वारे पंपात, पंपातून फिल्टरमध्ये, तेथून इंजिनाच्या मुख्य वाहिनीत आणि शेवटी एका बारीक नळीने टर्बोच्या डोक्यावर येते. नळी जोडणाऱ्या पोकळ बोल्टला बँजो बोल्ट म्हणतात, आणि काही इंजिनांत त्याच्या पोटात नखाएवढी जाळी असते. फिल्टर तुंबला की त्यातील बायपास झडप उघडते आणि तेल न गाळताच पुढे जाते. इंजिनाची मोठी बेअरिंगे ती घाण काही काळ सोसतात, टर्बोची सोसत नाहीत, आणि त्यातही आसाची मागेपुढे होणारी सरक अडवणारे थ्रस्ट बेअरिंग सर्वांआधी झिजते. युरोपात प्यूजो-सित्रोएन आणि फोर्ड यांनी वापरलेल्या १.६ लिटर डिझेल इंजिनाचा मामला या बाबतीत तंत्रज्ञांना चांगलाच ठाऊक आहे. तेथे इंजेक्टरच्या बैठकीतून झिरपणारे ज्वलनाचे वायू तेलात मिसळून काजळीचा चिखल तयार होई, तो चिखल ही नखाएवढी जाळी आणि चेंबरमधील जाळी दोन्ही बुजवी, आणि नुसता टर्बो बदलणाऱ्यांचे नवे टर्बोही एकामागून एक जात.

तेलाची जात कोणती घ्यावी, याचा निकाल गाडीच्या पुस्तिकेत दिलेला असतो आणि तोच मानावा. दिल्लीचा उन्हाळा ४५ अंशांवर जातो म्हणून पातळ तेल काढून जाड २०डब्ल्यू-५० घालावे, असा सल्ला देणारे शेजारी आणि दुकानदार पुष्कळ आहेत. परंतु इंजिन तापल्यावर आतील तेल बाहेर जानेवारी असो की मे, साधारण १०० अंशांच्या आसपासच असते, आणि ५डब्ल्यू-३० यातील दुसरा आकडा त्या १०० अंशांवरच्या घट्टपणाचाच निर्देश करतो. उलट डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतल्या प्रवाहीपणाचा असून, डिसेंबर-जानेवारीच्या धुक्यात पारा तीन-चार अंशांवर उतरलेला असताना पहाटे गाडी सुरू केली की जाड तेल टर्बोपर्यंत पोचायला विलंब लावते, आणि तेवढा विलंब तो आस कोरडा फिरतो. लहान पेट्रोल टर्बो गाडीसाठी एपीआय एसपी हा २०२० पासूनचा दर्जा पाहावा, कारण अशा इंजिनांना कमी वेगात जोर दिला असता होणारे अकाली ज्वलन टाळण्याची कसोटी त्यात समाविष्ट आहे. डीपीएफ, म्हणजे धुरातील काजळी अडवणारी गाळणी, असलेल्या डिझेल गाडीस कमी राखेचे तेल लागते. ते नसेल तर टर्बो वाचूनही पुढची गाळणी राखेने बुजते.

बनावट तेलाविषयी दोन शब्द. काश्मिरी गेटच्या सुट्या भागांच्या बाजारात मिळणार नाही अशी वस्तू मोटारीत नसावी, आणि तेथील जुने, सचोटीचे व्यापारी मला आदरणीय वाटतात. तथापि डब्याची किंमत नेहमीच्या मानाने विलक्षण कमी दिसली तर ते औदार्य समजू नये. तेल अधिकृत विक्रेत्याकडून किंवा तेल कंपनीच्या पंपावरून पावती घेऊन आणावे, आणि रिकामा डबा टाकून देण्यापूर्वी त्याला भोक पाडावे, म्हणजे तो पुन्हा भरला जाऊन दुसऱ्याच्या माथी जाणार नाही.

मुदतीचा प्रश्न याहून सरळ आहे. अनेक पुस्तिकांत १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी येईल ते, अशी मर्यादा असते. पण त्याच पुस्तिकेच्या मागच्या पानांत, धुळीचा प्रदेश, थांबत-थांबत चालणारी वाहतूक आणि वारंवार केलेले लहान प्रवास यांना कठीण परिस्थिती मानून ती मुदत कमी करावी असे बारीक अक्षरांत छापलेले असते. राजधानीतील गाडी या तिन्ही कलमांत बसते. बांधकामांची धूळ, मे महिन्यातली आंधी आणि दिल्ली-गुरुग्राम दरम्यानच्या सिरहौल सीमेवरील संध्याकाळची खोळंबलेली रांग पाहिलेल्या माणसाला याविषयी संशय उरणार नाही. किलोमीटरच्या काट्यात रांगेतले तास मोजले जात नाहीत, पण तेलाच्या आयुष्यातून ते वजा होतात. सात-साडेसात हजारांवर तेल आणि फिल्टर दोन्ही बदलणे हा माझ्या मते येथील रास्त हिशेब आहे. फिल्टर एकाआड एक वेळा बदलण्याची काटकसर कोणी सुचवली तर ती नम्रपणे नाकारावी.

आता परतीच्या वाटेकडे वळू, कारण लेखाचा गाभा तोच आहे. टर्बोकडे जाणारे तेल पंपाच्या दाबाखाली जाते, म्हणून त्याची नळी पेन्सिलीहूनही बारीक असली तरी चालते. बेअरिंगमधून निघाल्यावर मात्र त्या तेलाचा दाब संपलेला असतो, त्यात हवा मिसळून फेस झालेला असतो, आणि ते खाली येते ते केवळ स्वतःच्या वजनाने. म्हणून परतीची नळी जाणाऱ्या नळीच्या कितीतरी पट रुंद असते, ती कोठेही वर न चढता उतरत आली पाहिजे, टर्बोचे खालचे तोंड उभ्या रेषेपासून ३५ अंशांपेक्षा अधिक कलता कामा नये, आणि चेंबरमध्ये तिचे तोंड तेलाच्या पातळीच्या वर उघडले पाहिजे. यांतील एकही अट मोडली की तेल टर्बोच्या पोटात साचते. आसाच्या दोन्ही टोकांना ज्या सील असतात त्या रबराच्या नसून पिस्टनच्या रिंगांसारख्या लोखंडी कड्या असतात. वायूंना आत येऊ न देणे हे त्यांचे मुख्य काम, साचलेल्या तेलाला बांध घालणे हे नव्हे. मग ते तेल एका बाजूने धुराड्यात जाऊन निळा धूर करते आणि दुसऱ्या बाजूने हवेच्या नळीत उतरते. हे पाहून सील फुटल्याचा निर्णय होतो, टर्बो बदलला जातो, आणि नवा टर्बोही त्याच संध्याकाळी धूर ओकू लागतो. न्हाणीघराची मोरी तुंबली असता नळ बदलून घ्यावा, तशातलाच हा प्रकार.

ही वाट कशाकशाने अडते, हे मालकाने मुद्दाम समजून घ्यावे, कारण बहुतेक कारणे फार थोड्या खर्चाची आहेत. पहिले, परतीच्या नळीचा रबरी भाग आतून फुगलेला किंवा पिळलेला असतो. बाहेरून तो धडधाकट दिसतो, म्हणून काढूनच पाहावा. दुसरे, जोडावर लावलेले सिलिकॉन दाबले जाऊन आत ओघळते आणि त्याची शकले वाट बुजवतात, तेव्हा टर्बोच्या जाणाऱ्या वा येणाऱ्या कोणत्याही तेलजोडावर सिलिकॉन लावू नये, योग्य गॅस्केटच घालावे, आणि त्याचे भोक जोडाच्या भोकाशी जुळते का हेही पाहावे. तिसरे कारण मौजेचे आहे: तेल जास्त भरणे. अर्धा लिटर अधिक असलेले बरे, या भाबड्या समजुतीने डिपस्टिकच्या वरच्या खुणेच्या पलीकडे तेल भरले की पातळी परतीच्या तोंडापर्यंत चढू शकते. चौथे, इंजिनाच्या पोटातील वायूंचा दाब वाढलेला असतो. श्वासनळी, म्हणजे ब्रीदर, काजळीने कोंदला किंवा पिस्टनच्या रिंगा झिजल्या की तो दाब उतरत्या तेलाला खालून थोपवून धरतो. याची घरगुती परीक्षा अशी की इंजिन मंद चालू ठेवून तेल भरण्याच्या तोंडाचे झाकण सैल करावे. डिझेल गाडीत थोडी धाप असणारच, पण झाकण थडथडून नाचू लागले आणि धूर भसाभस येऊ लागला तर दोष टर्बोत नाही.

हवेची गाळणीही या प्रकरणात अनपेक्षितपणे साक्षीदार ठरते. ती धुळीने कोंदली की टर्बोचा पंखा निर्वात ओढ निर्माण करतो आणि त्या ओढीने तेल सीलपलीकडे खेचले जाते. दिल्लीत ती पुस्तिकेतल्या मुदतीआधीच उघडून पाहावी. मात्र दाबलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या नळीत किंचित तेलकट ओल दिसली म्हणून घाबरून जाण्याचे कारण नाही. ब्रीदरमधून येणारी ती वाफ निरोगी गाडीतही असते, आणि एवढ्याच पुराव्यावर टर्बो बदलायला सांगणाऱ्या मिस्त्रीकडून दुसऱ्या गॅरेजात जावे.

गाडी बंद करण्याच्या वेळेविषयी बरीच दंतकथा पसरली आहे. इंजिन बंद होताच पंप थांबतो, तेलाचा प्रवाह खुंटतो, आणि तापलेल्या टर्बोच्या पोटात अडकलेले तेल भाजून त्याचा कोळसा होतो. हे सत्य आहे. परंतु शहरातून रेंगाळत घरी आलेल्या गाडीचा टर्बो तितका तापलेलाच नसतो, आणि बऱ्याच पेट्रोल टर्बोंना पाण्याचे शीतनही दिलेले असते, तेव्हा रोज दारात पाच मिनिटे इंजिन घरघरवत ठेवणे हा निव्वळ इंधनाचा अपव्यय होय. खबरदारी हवी ती वेगळ्या प्रसंगी. ग्रेटर नोएडा ते आग्रा हा १६५ किलोमीटरचा यमुना द्रुतगती मार्ग किंवा २०२३ मध्ये खुला झालेला सोहना-दौसा मार्ग भर वेगात कापून खानपानाच्या ठिकाणी वळावे आणि गाडी उभी करताक्षणी किल्ली फिरवावी, हा टर्बोवर केलेला खरा जुलूम. शेवटचे दोन-तीन किलोमीटर वेग उतरवत यावे आणि थांबल्यावर एक-दोन मिनिटे इंजिन मंद चालू द्यावे. दिल्ली सरकारने २०२० च्या ऑक्टोबरात ‘रेड लाइट ऑन, गाडी ऑफ’ ही मोहीम सुरू केली तेव्हा टर्बो गाडीच्या मालकांनी शंका काढली होती. तिचे उत्तर याच विवेकात आहे. शहरी रहदारीत सिग्नलवर इंजिन बंद करण्यास हरकत नाही, द्रुतगती मार्गावरून उतरल्यावर लागणारा पहिला सिग्नल तेवढा सोडावा.

सुरू करतानाचा नियम याच्या उलट्या बाजूचा. इंजिन पेटताच पाय दाबू नये. तेलाचा दिवा विझल्यावर अर्धे मिनिट थांबावे आणि पहिले काही किलोमीटर सौम्यपणे चालवावे. हिवाळ्यात हवा बिघडून ग्रॅप या प्रदूषण-निर्बंधांच्या योजनेचा तिसरा टप्पा लागू झाला की बीएस-४ डिझेल मोटारी घरीच राहतात, आणि कित्येक दिवसांनी ती गाडी बाहेर काढताना बेअरिंगवरचे तेल पार ओघळून गेलेले असते. त्या दिवशी हा नियम दुप्पट निष्ठेने पाळावा.

बीएस-६ डिझेलवाल्यांसाठी आणखी एक सूचना. डीपीएफमध्ये साठलेली काजळी जाळण्यासाठी इंजिन मधूनमधून जास्तीचे डिझेल फवारते. मयूर विहार ते कनॉट प्लेस एवढ्याच फेऱ्या करणाऱ्या गाडीत ती क्रिया अर्धवट राहते आणि न जळालेले डिझेल पिस्टनच्या कडेने चेंबरमध्ये उतरते. तेल पातळ होते आणि त्याची पातळी वाढते, म्हणजे थर दुबळा होतो आणि परतीची वाटही अडण्याचा संभव उत्पन्न होतो. डिपस्टिकवर तेल कमी झालेले पाहून आपण चिंता करतो. या गाड्यांत ते वाढलेले दिसले तरी तितकीच चिंता करावी, तेल बदलावे, आणि अधूनमधून गाडीला अर्धा तास एकसारख्या वेगाने मोकळ्या रस्त्यावर न्यावे. पातळी नेहमी सपाट जागी, इंजिन बंद करून पाच मिनिटांनी पाहावी.

इतके करूनही टर्बो बदलण्याचा प्रसंग आलाच, तर गॅरेजच्या जॉबकार्डावर पुढील तपशील लिहून घ्यावा: नवे तेल व फिल्टर, तेल नेणारी नवी नळी, नवे बँजो बोल्ट आणि तांब्याचे वॉशर, चेंबर उतरवून जाळीची सफाई, इंटरकूलर उघडून त्यातील तेल व धातूचे कण काढणे. जुनी नळी धुऊन लावली असे मिस्त्री सांगेल. आतला कोळसा धुण्याने जात नाही. टर्बो बसवताना त्याच्या तोंडातून स्वच्छ तेल ओतून आस हाताने फिरवावा, नंतर इंधन तोडून इंजिन केवळ स्टार्टरवर, मधूनमधून विसावा देत, तेलाचा दिवा विझेपर्यंत फिरवावे, आणि मगच ते पेटवून काही मिनिटे मंद चालवावे. मायापुरीच्या भंगारातला जुना टर्बो स्वस्तात घेण्याचा मोह झाला तर पंखा बोटांनी हलवून पाहावा: आडव्या दिशेने किंचित ढिलाई असणे स्वाभाविक आहे, कारण मधला तेलाचा थर तेव्हा नसतो, पण आत-बाहेर सरक जाणवली किंवा पंख्याची पाती कवचाला घासल्याची खूण दिसली तर तो तेथेच ठेवावा. गाडीची शक्ती वाढवण्याच्या नादात गोळ्यांच्या बेअरिंगचा टर्बो बसवणाऱ्या तरुणांना एवढेच सांगणे की त्याला तेल जास्त झाल्यानेही अपाय होतो, म्हणून जाणाऱ्या वाटेत सुमारे १ मिलिमीटर भोकाचा रोधक लागतो. तरत्या बुशच्या टर्बोला असा रोधक सहसा घालू नये.

एक धोका मात्र प्रत्येकाने ध्यानी ठेवावा. जुन्या डिझेल गाडीत टर्बो फुटून तेल थेट हवेच्या नळीत शिरले तर इंजिन त्या तेलावरच पेट घेते, वेग आपोआप वाढत जातो आणि किल्ली काढली तरी थांबत नाही. हाताच्या गिअरची गाडी उभी असेल तर सर्वांत वरचा गिअर टाकून, ब्रेक पूर्ण दाबून, क्लच सोडावा म्हणजे इंजिन दाबून बंद पडते. ते शक्य नसेल किंवा गाडी ऑटोमॅटिक असेल तर सर्वांनी उतरून दूर व्हावे. हवेच्या तोंडावर हात ठेवण्याचे धाडस कोणी करू नये.

राहता राहिली जुनी गाडी विकत घेणाऱ्यांची गोष्ट. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या २०१५ च्या आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या आदेशांनी राजधानी क्षेत्रात दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर बंदी आली, आणि त्या आदेशांत पुढे फेरफार झाले असले तरी तेव्हापासून दिल्लीच्या जुन्या डिझेल गाड्या ना हरकत दाखला घेऊन परप्रांती स्वस्तात विकल्या जाण्याचा प्रघात पडला. पुण्या-नागपुराकडील नातलगांसाठी अशी गाडी पाहणाऱ्याने ती रात्रभर थंड राहिल्यानंतर सकाळी स्वतः सुरू करावी, धुराचा रंग पाहावा, टर्बोची शीळ भोंग्यासारखी चढत जाते का ते ऐकावे, आणि दप्तरात टर्बो बदलल्याची नोंद असेल तर त्याच बिलात तेलाची नळी, फिल्टर आणि तेल यांची रक्कम लावलेली आहे का ते तपासावे. नसल्यास ते काम आपल्याच खर्चाने करायचे आहे असे धरून किमतीची घासाघीस करावी.